डावीकडून तिसरा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

रोजनिशी हा माझा प्रांत नव्हे. अंगणवाडीची रजिस्टरं भरून बोटं दुखतात, त्यात ही वही आणखी कोण भरणार? पण मनस्विनी मॅडमनी बजावलं आहे, चिकटवही करणाऱ्यानं रोज काय केलं ते टिपून ठेवायचं, नाहीतर कुठला फोटो कुठून आला ते महिन्याभरात विसरायला होतं. मॅडम म्हणजे चोवीस वर्षांची पोरगी, माझ्या अक्षयाहून दोन वर्षांनी मोठी. रत्नागिरीत दर रविवारी तिचा वर्ग असतो, ‘घरची डिजिटल चिकटवही’ नावाचा. जुने फोटो मोबाईलनं स्कॅन करायचे, लॅपटॉपवर पानं मांडायची, बाजूला माणसांच्या आठवणी लिहायच्या. कात्री नाही, गोंद नाही. वीस वर्षं मी अंगणवाडीच्या भिंतींवर कागदाचे पोपट आणि भोपळे चिकटवले. आता हाताला खळ न लागता चिकटवायला शिकते आहे.

आज वर्गात प्रत्येकानं आपण काय करणार ते सांगायचं होतं. कुणी नातवाचं पहिलं वर्ष म्हणालं, कुणी काश्मीरची सहल. माझी पाळी आली तेव्हा मी उठून सांगून टाकलं, की १८ जानेवारीला माझ्या सासऱ्यांना जाऊन पन्नास वर्षं होतात, पुण्यानुमोदनाला मुंबईचे गाववाले येतील, आणि त्या दिवशी टीव्हीवर आमच्या अख्ख्या घराची चिकटवही दाखवणार. घरी कुणाला विचारलं नव्हतं. पण बोलले ते करणार. २०२१ च्या पुरात चिपळूणला माझ्या माहेरच्या तिन्ही अल्बमांचा चिखल झाला. माझा लहानपणीचा एक फोटो आज शिल्लक नाही. सासरचं तसं होऊ देणार नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅडमनी गृहपाठ दिलाय, ‘घरातली एक भिंत’. मी ओटीवरची भिंत घेतली. मधे भगवान बुद्ध, शेजारी बाबासाहेब, आणि डाव्या हाताला सासरे, धोंडू. कोट, टाय, मधोमध भांग, ओठांवर काटेकोर मिशी, तोंड घट्ट मिटलेलं. काविळीनं गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. मुंबईला गोदीत कामाला.

सुहास तेव्हा चौदा महिन्यांचा. (तोंडावर ‘अहो’ म्हणते, पण वही माझी आहे, इथे सुहासच.) बापाची त्याला आठवण नाही, जे काय आहे ते हा फोटो. मिशी याच फोटोसारखी कापतो. एसटीच्या वर्कशॉपला जाताना शर्टाची बटणं लावायला रोज याच फोटोसमोर उभा राहतो, आरशासमोर नाही. लग्न झालं तेव्हा मला आधी इथे आणलं आणि म्हणाला, “बघ, कुणासारखा दिसतो मी?” मी म्हटलं, थेट बाबांसारखे. नव्या नवरीनं दुसरं काय म्हणायचं? पण खरंच थोडा दिसतो.

आई (सासूबाई, येसूबाई, वय एकाहत्तर) पौर्णिमेला बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी स्वतः पुसतात. या तसबिरीला मात्र हात लावत नाहीत. “त्यो सुहासचा हाय, त्योच पुसंल,” म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याच्या फोटोला हात लावायला मन धजत नाही बाईचं. जुन्या माणसांची माया अशीच, बोलून दाखवायची नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सासऱ्यांच्या पानासाठी मजकूर हवा, म्हणून आई तांदूळ निवडत होत्या तिथे वही घेऊन बसले. “आई, बाबा दिसायला कसे होते?”

“दात म्होरं व्हते,” आई म्हणाल्या. “माजी आय बोल्ली, पोरगा कामाचा हाय, पन तोंड मिटत नाय त्याचा. सारका हसायचा. काय सांगितलं तरी हसायचा.”

मी मान वर करून भिंतीकडे बघितलं. मिटलेले ओठ, करडा चेहरा. दातांचा पत्ता नाही. एकाहत्तराव्या वर्षी माणसाच्या आठवणीत सरमिसळ व्हायचीच, आईंचा एक भाऊ पुढच्या दातांचा होता तो डोक्यात राहिला असेल. मी आपलं लिहिलं, ‘रुबाबदार, करारी व्यक्तिमत्त्व’. आईंना वाचून दाखवलं तर त्या ताटातला खडा शोधत राहिल्या.

रविवार, ३० नोव्हेंबर

अडतीस फोटो झाले. सुहासचं दहावीचं ओळखपत्र, आमचं लग्न, अक्षयाचं नामकरण, ही सगळी पानं मांडून तयार. मॅडमनी एक नियम शिकवला तो मला फार पटला. फोटोची पाठसुद्धा स्कॅन करायची. पाठीवर गेलेल्या माणसांचं अक्षर असतं, आणि अक्षर हीसुद्धा त्यांची खूणच.

आईंच्या ट्रंकेत तळाशी नऊवारीच्या घडीखाली एक पाकीट आहे. मी बघितलंय. मागितलं तर म्हणाल्या, “त्ये नको. तुज्या मशिनीत जळंल.” मी समजावलं की मशीन नाही, मोबाईल आहे, जळत नाही, तापत नाही. तरी नाही. सुहास तिथेच होता, तोही म्हणाला, “राहू दे गो, तिच्या मनाविरुद्ध नको.” मायलेक दोघे एका बाजूला झाले की माझं चालत नाही. आज चाललं नाही एवढंच.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सुहास काल मुंबईला गेला, दरवर्षी जातो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला. रविवारी येईल.

मी भांडी घासून आत आले तर आई लॅपटॉपशेजारी बसलेल्या, मांडीवर ते पाकीट. “घे,” म्हणाल्या. “तू नायतरी सोडनार नायस.” इतके दिवस घातलेला घोळ आणि आज आपणहून! आजच का सुचलं कोण जाणे. मी विचारलंही नाही, मन बदललं तर काय घ्या.

आत एकच फोटो. काळा-पांढरा, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. भायखळ्याला आमच्या गावची खोली होती, मुंबईला कामाला गेलेले गावातले पुरुष तिथे एकत्र राहायचे. त्या खोलीबाहेर सात जण एका ओळीत उभे, धुतलेले पांढरे सदरे, मागे निळ्या पताकांचं तोरण असावं. पाठीवर शाईनं ‘१४ एप्रिल १९७५, जयंती’ आणि त्याखाली ओळीत नावं: सखाराम, तुकाराम, धोंडू, बाळा, जयगडचा पाव्हणा, शांताराम, गणपत. अक्षर सखारामकाकांचं, बाबांच्या खोलीतल्या सोबत्याचं, मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी गेले ते.

भिंतीवरची तसबीर यातूनच काढलेली दिसते. डावीकडून तिसरा. कोट आणि टाय स्टुडिओवाल्यानं मागून रंगवला, चेहरा तोच. उद्या हे पान करणार. सगळ्या चिकटवहीत याच्या तोडीचं पान नसेल.

शनिवार, ६ डिसेंबर

आजच लिहून ठेवते.

सकाळी वंदना झाली, आणि मी पान मांडायला घेतलं. मला वाटलं, पाठीवरचं अक्षर पुसट करून फोटोवर ठेवावं, म्हणजे ज्याचं नाव त्याच्या डोक्याशी येईल आणि काकांचं अक्षरही दिसेल. वर्गात लेयर शिकवलेत, काच ठेवल्यासारखं एकावर एक ठेवता येतं. ठेवलं. नावं डोक्यांशी बरोबर बसली. पण ‘सखाराम’ हे नाव आलं डाव्या टोकाच्या बुटक्या पोरावर.

सखारामकाका सहा फुटांचे होते. आमच्या घरात वाकून यायचे, तरी एकदा कपाळमोक्ष झाला होता. फोटोत उजव्या टोकाला एक जण सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच आहे. ते काका. लहान मूलही सांगेल.

मी फोटो हातात घेऊन दाराशी उजेडात धरला, आणि मग कळलं. काकांनीही असाच धरला असणार. उजेडावर धरून ज्याच्या त्याच्या डोक्यामागे नाव लिहिलं. लिहिलं बरोबरच. पण फोटो पालथा केला की डावं ते उजवं होतं. पाठीवर डावीकडून तिसरा, तो समोरून उजवीकडून तिसरा. मी पाठीचा लेयर आडवा उलटवला. सखाराम उंच माणसाच्या डोक्यावर गेले. आणि धोंडू गेला दुसऱ्याच माणसावर.

भिंतीवरच्या माणसाच्या डोक्यावर आलं ‘जयगडचा पाव्हणा’.

मी दोन्ही टोकांकडून डोकी पुन्हा मोजली. आई मागे उभ्या होत्या. “कळला?” म्हणाल्या.

मी म्हटलं, “आई, तुम्हाला माहीत होतं?”

“माजा घोव, मना म्हायती नसंल?”

मग त्या बसल्या आणि सगळं सांगितलं. सुहास सात वर्षांचा होता. शाळेत पोरं विचारायची, तुजा बाप कसा दिसतो? आईंनी काकांना निरोप धाडला, मुंबईहून मोठा फोटो करून पाठव. काकांनी हा फोटो स्टुडिओत दिला, पाठीवर नाव आहे म्हणून सांगितलं. स्टुडिओवाल्यानं पाठ वाचली, पुढून मोजलं, आणि तिसरा उचलला. फ्रेम बांधून परस्पर गावच्या गाडीनं घरी आली.

“मी नाचनी कापाय गेलेली,” आई म्हणाल्या. “येते तर पोरानं कागुद फाडून फ्रेम मांडीवर घेतल्याली. बोल्ला, आये, बाबा आले. जेवला नाय, फ्रेमंवर हात ठिवून झोपला. मी काय बोलनार व्हते, स्वप्ना?”

“आणि काका?”

“शिमग्याला आला. भितीकडं बगितलान नि खालीच बसला. मी बोल्ले, आता गप ऱ्हा. ज्यांना ज्यांना ठावं व्हतं ती समदी गप ऱ्हायली. आता समदी गेली. मी एकली उरलंय.”

मी दातांची गोष्ट आठवून स्वतःलाच शिव्या दिल्या. म्हातारी खरं सांगत होती आणि मी तिच्यासमोर ‘करारी व्यक्तिमत्त्व’ वाचत होते.

खरे धोंडू, उजवीकडून तिसरे, फोटोत धूसर आलेत. सहा जण खांबासारखे उभे आणि हा एकटा हललेला. एक खांदा पुढे, तोंड उघडं, पांढरे दात. नाक-डोळे तांदळाच्या दाण्याएवढे आणि तेही पसरलेले. हसतोय एवढं मात्र कळतं.

सोमवार, ८ डिसेंबर

सुहास काल आला. येताना बाबासाहेबांची दोन पुस्तकं आणि माझ्यासाठी बॅग आणली. आल्या आल्या पाय धुऊन तसबिरीला हार घातला. मला त्याच्याकडे बघवेना, चहा उतू गेला.

सांगायचं की नाही? आईंनी हात जोडून सांगितलं असतं की बोलू नको, तर मी गप्प बसले असते. पण त्या काहीच म्हणत नाहीत. फोटो मात्र पाकिटात परत ठेवला नाही त्यांनी, माझ्या टेबलावरच आहे.

एकदा वाटतं, एक्कावन्न वर्षांच्या माणसाचा बाप काढून घेणारी मी कोण? मग वाटतं, मी काढून घेत नाही, देतेय. माझ्या आजीचा चेहरा मला आता आठवत नाही, पुरात गेला. त्याच्या बापाचा चेहरा जगात आहे, टेबलावर आहे, आणि तो रोज दुसऱ्याच माणसापुढे उभा राहतो. नाही. सांगणार. कसं ते ठरवायचंय.

रविवार, १४ डिसेंबर

अक्षयाला फोन करून सगळं सांगितलं. ती पुण्यात नोकरीला आहे, रडली थोडी, मग म्हणाली, “आई, थांब, एक ॲप आहे, पुसट चेहरा स्पष्ट करून देतं.” तासाभरात फोटो आला. मी बघितला आणि मला आनंदच झाला. तरतरीत नाक, नितळ कातडी, सरळ दात, डोळे थेट आपल्याकडे. म्हटलं, हाच मोठा करून फ्रेम करायचा, सुहासला एका हातानं घेतलं तर दुसऱ्या हातानं दिलं असं होईल.

आईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून घातला.

“ह्यो कोण?”

“बाबा. संगणकानं साफ करून दिला.”

“साफ केलान म्हंजे? ह्यो धोंडू नाय.” बराच वेळ बघून म्हणाल्या, “एक पाव्हना एवडी वर्सं भितीवर ऱ्हायला. आता ह्यो दुसरा कुटून आनलात?”

मला चपराक बसली. अक्षयाला कळवलं, तर ती म्हणते, “आजीला काय कळतं फोटोतलं?” मी म्हटलं, तुझ्या आजीएवढं त्या चेहऱ्यातलं जगात कुणालाच कळत नाही. फोटो पुसून टाकला. धूसर तर धूसर. जसा आहे तसा ठेवायचा.

गुरुवार, २५ डिसेंबर

तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा सुहास जेवत होता, म्हटलं जेवू दे. दुसऱ्यांदा डेपोतून वैतागून आला होता. तिसऱ्यांदा मी नुसतं “अहो, बाबांचा तो फोटो” एवढं म्हटलं, तर म्हणाला, “हां, काच बदलून आणतो अठरा तारखेच्या आधी, डाग पडलेत.” आणि गेला. चाळीस पोरांना लस टोचताना धरते मी, आयांच्या शिव्या खाते, कधी घाबरले नाही. स्वतःच्या नवऱ्याला घाबरतेय. रविवारी त्याला सुट्टी आहे, रविवारीच.

रविवार, २८ डिसेंबर

सांगितलं.

अंगणात दुचाकीचा प्लग साफ करत होता. मी लॅपटॉप पायरीवर ठेवला आणि म्हटलं, हे बघा आणि मधे बोलू नका. पुढची बाजू दाखवली, पाठ दाखवली, लेयर उलटवून दाखवला. आधी हसला, “काय गो हे, जादूचे प्रयोग?” मग हसायचा थांबला. एसटीची इंजिनं खोलणारा माणूस, डावं-उजवं त्याला माझ्यापेक्षा लवकर कळतं.

उठला, तसाच ग्रीसच्या हातांनी आत गेला. आई ओटीवर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं विचारेल. विचारलं नाही. आईंनीही मान वर केली नाही. मग परत बाहेर आला आणि माझ्यावर फुटला.

“अंगणवाडीतली चित्रं उलटीपालटी करतेस, तसा माझा बाप उलटवलास?”

“मी नाही उलटवला. उलटाच लागला होता.”

“हे पान अठरा तारखेला दिसता कामा नये. एवढी माणसं येणार. त्यांच्यासमोर मी बाप बदलू?”

मी म्हटलं, “दाखवणार नाही. पण पुसणारही नाही.” तो दुचाकी घेऊन निघून गेला, प्लग न लावताच ढकलत. कोपऱ्यावरून परत आला, प्लग घेतला आणि पुन्हा गेला. इतर वेळी मी हसले असते.

रविवार, ४ जानेवारी २०२६

आठवडा झाला, कामापुरतं बोलतो. मीठ, गॅस, एवढंच. सकाळी बटणं स्वयंपाकघरातच लावतो आता. मी केलं ते बरोबर केलं असं मला अजून वाटतं. वर्गाला गेले. मॅडमना म्हटलं, फोटोतला माणूस हलला असेल तर काही करता येतं का? म्हणाल्या, “नाही काकू. तो हलला हेच त्या फोटोत आहे.” लहान तोंडी मोठा घास, पण खरं बोलली.

सगळी मिळून सेहेचाळीस पानं झाली. सत्तेचाळिसावं वेगळ्या फाइलीत ठेवलंय.

शुक्रवार, ९ जानेवारी

सकाळी लॅपटॉप उघडला तर ती वेगळी फाइल उघडीच, आणि उजवीकडून तिसऱ्या डोक्यावर इतकं झूम केलेलं की नुसते राखाडी ठिपके दिसत होते. मी काल बंद करायला विसरले असणार. परवाही असंच झालं. पन्नाशीच्या आतच विसराळू झाले. माउसलाही कसला तरी तेलकट काळा डाग पडलाय, पुसला.

शनिवार, १७ जानेवारी

मांडव झाला. मुंबईची सोळा माणसं आली, दोघं जयगडमार्गे, फेरीबोटीवर गाडी चढवून. खिरीचा तांदूळ धुऊन ठेवला. सुहासनं तसबिरीची काच बदलली नाही. पुसून खुर्चीवर ठेवली, हार मात्र मला घालायला सांगितला. मी घातला. पाहुणा असला तरी एवढी वर्षं आपल्या घरातला आहे.

रविवार, १८ जानेवारी

त्रिसरण-पंचशील झालं, बौद्धाचार्य छान बोलले, खीरदान झालं. मग टीव्ही लावला आणि सेहेचाळीस पानं दाखवली. बाया आपापले फोटो आले की खिदळत होत्या. शेवटच्या पानाला टाळ्या पडल्या, आणि मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

“थांब,” सुहास म्हणाला. “अजून एक पान आहे. लाव.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानं मान हलवली, लाव. लावलं. सात माणसं टीव्हीवर आली.

सुहास उठून टीव्हीजवळ गेला. “हे माझे बाबा,” म्हणाला. “उजवीकडून तिसरे. खुर्चीवर फोटो आहे तो यांचा नाही, चुकून झाला. कुणाची चूक नाही.” मग टीव्हीकडे बघत म्हणाला, “चेहरा नीट येत नाही. मी बरेच दिवस बघतोय, मोठा करून, लहान करून. नाही येत.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो काळा डाग ग्रीसचा होता.

मग त्यानं आईंकडे वळून विचारलं. जे पायरीवरून आत जाऊन विचारता आलं नव्हतं, ते साठ माणसांसमोर विचारलं. “आये, ती सहा माणसं नीट उभी राहिली. बाबाच का हलले?”

आई पदर सावरून उठल्या. काठी न घेता टीव्हीपर्यंत गेल्या.

“मी व्हते तितं,” म्हणाल्या. “जयंतीला तुला दावायला मुंबयला घेऊन गेलेली. फोटोवाल्याच्या मागं उभी व्हते, तू माज्या कडंवर. पाच म्हयन्यांचा व्हतास. फोटोवाला वराडला, कोन हलू नका. समदी गप झाली. नि तू दोनी हात केलंस त्याच्याकडं.”

सुहास टीव्हीच्या आणखी जवळ सरकला.

“ही समदी फोटोवाल्याकडं बगतायत,” आई म्हणाल्या, आणि त्यांनी धूसर डोक्यावर बोट ठेवलं. “ह्यो तुज्याकडं बगतोय. तुला घ्यायला म्होरं आला, म्हून हलला.”

सुहास टीव्हीसमोर खालीच बसला आणि लहान पोरासारखा रडला. एवढा मोठा माणूस, इतकी माणसं बघतायत, त्याला कशाची शुद्ध नव्हती. आईंनी त्याचं डोकं पोटाशी धरलं. मी रडत होते, मुंबईचे पाहुणे रडत होते, खिरीची वाटी हातात घेऊन एक म्हातारबुवा रडत होते. मी ते पान बंद केलं नाही. संध्याकाळी लोक पांगले, भांडी घासून झाली, तरी टीव्हीवर ते तसंच होतं आणि सुहास समोर बसून होता. मी विचारलं, चहा करू? म्हणाला, “कर. आणि इथे बस जरा.” मी बसले.

मंगळवार, २० जानेवारी

सुहासनं रजा वाढवली. सकाळी उठून तसबिरीची काच बदलून आणली, फ्रेमच्या चारी बाजूंनी जुनं धोतर गुंडाळलं आणि दुचाकीच्या टाकीवर नीट बसतं का बघू लागला. मी म्हटलं, आता हे कुठे?

“जयगडला.”

“पन्नास वर्षांपूर्वीचा पाहुणा. नाव नाही, आडनाव नाही. कुठे शोधणार?”

“बंदराच्या पलीकडची जुनी वस्ती आहे ना, तिथून सुरुवात करतो. प्रत्येक घरात दाखवतो.” दोरी आवळता आवळता म्हणाला, “आपल्याकडे होता फोटो, चुकीचा का होईना. त्याच्या पोरांकडे असेल नसेल. कुणाच्या तरी घरी भिंत रिकामी असेल, स्वप्ना.”

मी फ्रेमची मागची बाजू स्कॅन करून घेतली, मोबाईलवर सातही जणांचा फोटो घालून दिला, आणि भाकरी-सुकटीचा डबा दिला. आई ओटीवर आल्या आणि फ्रेमवरून पहिल्यांदाच हात फिरवला. दुपारचे दोन वाजलेत, अजून फोन नाही. घरं पुष्कळ आहेत तिथे, वेळ लागणारच.